खंडेनवमीच्या पाटावरचा बादशहा

पहिलं महायुद्ध मी एकतीस वेळा लढलो आणि दुसरं तीस वेळा. एका वर्षी मला कावीळ झाली आणि दुसरं महायुद्ध चित्रकलेच्या सरांनी दोन तासांत उरकून टाकलं. सहामाही परीक्षेच्या आत दोन्ही युद्धं संपली पाहिजेत असा शाळेचा दंडक होता. जगातल्या कुठल्याही सेनापतीला जे जमलं नाही ते आम्ही इतिहासाचे मास्तर दरवर्षी करत आलो, आणि वर शिपायाला विचारायचो, गड्या, चहा आला का?

नोकरीतले अनुभव लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी टाळलं. त्यांना हवे असतात फौजदार झालेले विद्यार्थी आणि रस्त्यात पाया पडणारे डॉक्टर. तसे माझ्याकडंही आहेत चारदोन. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढं येऊन उभी राहते. ती मी बायकोलासुद्धा पुरती सांगितलेली नाही. ज्यांच्यापासून ती लपवायची होती त्या आक्का आता हयात नाहीत. त्यांच्या नातीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा सर, पण खरं लिहा." खरं लिहिण्याचंच तर वांधं झालं होतं. असो.

मी मूळचा माण तालुक्यातला, म्हसवडच्या अलीकडचा. घर मेंढरांचं. वडील वर्षातले आठ महिने कळपामागं रानोमाळ. घरात एम.ए. झालेला मी पहिलाच, त्यामुळं जरा चढलेला होतो हे कबूल करतो. नोकरी लागली सांगली जिल्ह्यात, आष्ट्याजवळच्या एका गावात. चहूकडं ऊस. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी दोन मैल जावं लागायचं, आणि इथं पाटाचं पाणी रस्त्यावर वाहून चाललेलं. बघून पहिले सहा महिने माझा जीव कळवळायचा. गावातलं दर दुसरं घर फौजी. भिंतीवर टोपी घातलेले फोटो, पहाटे भरतीसाठी रस्त्यानं पळणारी पोरं. मला त्या फौजी ऐटीचा थोडा रागच यायचा. माझी मनगटं काडीसारखी, पण जीभ मात्र लांब. वर्गात ती मनसोक्त चालवायचो.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. इतिहासाचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली दहा हजेरी आणि आरडाओरडा थांबवण्यात जातात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, हुकूमशहांचा उदय. पोरांना कारणं पाठ, कारण 'कारणे लिहा' हा प्रश्न हमखास येतो. माणसं मेली ते येतं 'परिणाम' या मथळ्याखाली, एका ओळीत: 'प्रचंड जीवित व वित्तहानी झाली.' ही ओळ मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! लिहिताना हात कधी थांबला नाही.

पालकही एकेक नमुने. एकजण तावातावानं आले, "सर, ह्यो हिटलर आमच्या पोराला कशाला शिकवताय? त्यो काय जर्मनीला जायाचा न्हाई, कुपवाडला कारखान्यात लेथवर जायाचाय." मी म्हटलं, "तिथला सुपरवायझर कसा आहे ते ओळखता यावं म्हणून." पालक हसले, पाठीवर थाप मारून गेले. अशी वाहवा मिळत गेली की माणूस शेफारतो. मीही शेफारलो.

महायुद्धाचा धडा सुरू करताना माझी एक पद्धत होती. पोरांना सांगायचं, घरातली जुन्यातली जुनी वस्तू आणा. मग कुणी अडकित्ता आणायचं, कुणी भोकाचा पैसा, कुणी पितळेचं माप. वस्तू हातात घेऊन बोललं की पोरं ऐकतात. निवृत्तीला सातआठ वर्षं राहिली असतील तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात रूपाली नावाची मुलगी होती. तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. ती खणाच्या तुकड्यात बांधून एक बिल्ला घेऊन आली. लढाईत गेलेल्यांना इंग्रज सरकार द्यायचं तसला, रुपयापेक्षा मोठा, गोल. त्याच्या खाचाखाचांत हळदकुंकू बसून घट्ट झालेलं.

"सर, हा माझ्या पणजोबांचा," ती म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात इटलीत वारले. आमच्यात खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता, पारई मांडतात ना, त्यात मधोमध हा असतो. आजी पूजा करते."

मला आनंद झाला. असली वस्तू वर्गात येणं म्हणजे भाग्यच. मी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. तेवढ्यात रूपालीनं बिल्ल्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आणि सर, हे चित्र त्यांचंच आहे. पणजोबांचं."

मी हसलो. तिथंच माझं चुकलं.

"अगं, हा तुझा पणजोबा? मग तुमचं घराणं लंडनचं म्हणायचं की!" वर्ग खदखदून हसला. हसला की मला चेव यायचा. "डोक्यावरचा मुकुट दिसत नाही? हा इंग्लंडचा बादशहा. ज्यानं आपल्यावर राज्य केलं, त्याच्या कपाळाला तुम्ही सत्तर वर्षं कुंकू लावताय. त्या वेळी आपल्या याच भागातली माणसं इंग्रजाशी झुंजत होती, आणि तुझा पणजोबा इंग्रजासाठी परमुलखात लढत होता. त्याला म्हणतात भाडोत्री शिपाई. साम्राज्यवाद म्हणजे काय? घ्या लिहून."

सगळ्यांनी लिहून घेतलं. रूपालीनंही घेतलं. त्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला तास झाला असं मला वाटलं, आणि मधल्या सुट्टीत तो किस्सा मी स्टाफरूममध्ये चवीनं सांगितला.

आता यात खोटं काय होतं? काहीच नाही. हेच तर अजून गळ्यात अडकलंय. शब्द न् शब्द पुस्तकाला धरून होता. इटलीत तो ज्याच्याविरुद्ध लढला तोही एक हुकूमशहाच होता, ही दुसरी बाजू मी पुढच्या आठवड्याच्या तासासाठी ठेवली होती. आणि वीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा घर सोडून बोटीत का चढतो, ती बाजू तर आमच्या धड्यात कधी नव्हतीच.

दसरा झाला. दोन दिवसांनी शाळेच्या फोनवर मला बोलावणं आलं. पलीकडं रूपालीचे वडील, संभाजी. फौजेत हवालदार, उत्तरेकडं सरहद्दीवर. मी मनाशी म्हटलं, घ्या आता शिव्या. पण माणूस अदबीनं बोलत होता, आणि तेच जास्त लागलं.

"सर, आई खंडेनवमीपासनं देव्हाऱ्याम्होरं बसत न्हाई. बिल्ला पाटावर मांडला न्हाई तिनं. रूपालीनं घरी येऊन सांगिटलं, तुमी काय बोलला त्ये."

"हवालदारसाहेब, मी जे सांगितलं ते—"

"खरं हाय, सर. त्यो राजा हाय हे आमाला मोठ्या मान्सांला म्हाईत हुतं. मी भरती झालो तवाच कळलं. बायकोला म्हाईत, भावकीला म्हाईत. पन आईला कोन सांगनार? कुनी बोललं न्हाई." मग तो म्हणाला, "तुमी घरी जाऊन या सर एकदा. मला हितनं निघता येत न्हाई."

वर्षानुवर्षं एक अख्खं घर, अख्खी भावकी एका बाईसाठी गप्प राहिली होती. आणि मी एका तासात, टाळ्या मिळवायच्या म्हणून, बोलून मोकळा झालो होतो.

रविवारी सकाळी गेलो. आक्का, म्हणजे संभाजीच्या आई, सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. एकुलत्या एक लेक, म्हणून बापाच्याच घरी राहिलेल्या; नवरा घरजावई, तोही मागंच गेलेला. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. त्यांनी रूपालीला चहा टाकायला सांगितलं आणि मला बसायला घोंगडं दिलं.

"आक्का, चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमी सांगिटलं त्ये खरं का खोटं?"

"खरं. पण..."

"मग चुकलं कसं, मास्तर?"

आक्का शेंग फोडत होत्या, दाणे सुपात टाकत होत्या. मग आपणच सांगू लागल्या.

"म्या पोटात असताना बा गेला लढाईला. आई बाळंतपनात गेली. मग बा मेल्याची तार आली. आजीनं वाढीवलं मला. पोरीपोरी खेळताना म्हनायच्या, माझा बा असा, माझा बा तसा. म्या रडत घरी यायची. मग आजी देव्हाऱ्यातनं ह्यो बिल्ला काढायची आन् म्हनायची, ह्यो बघ तुझा बा. बाशिंग बांधलेला. लगनातलं हाय त्येचं तोंड."

त्यांनी मुकुटाला बाशिंग म्हटलं. मी तो मुकुट वर्गात बोटानं दाखवून हसलो होतो.

"आजीला तरी काय कळत हुतं का, का तिनं माझी समजूत काढली, देव जाने. पन मला तेवढंच तोंड म्हाईत. ह्येच्या पाया पडून बोहल्यावर चढली. संभाजी झाला तवा पयला ह्येला दावला. नवऱ्याशी भांडान झालं की रातीचं ह्येच्याजवळ बोलायची. म्हातारी झाली आन् माझाच बा माझ्यापरास ल्हान दिसाया लागला, तवा हसाया यायचं मला."

चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी दुसरी बाजू सांगायला घेतली. जर्मनीत एक हुकूमशहा होता, त्यानं माणसांना कसं चिरडलं, इटलीत घुसलेल्या त्याच्या फौजेविरुद्ध तुमचे वडील लढले, म्हणून ते नुसते भाडोत्री नव्हते. वर्गात सांगावं तसं मुद्देसूद सांगितलं. आक्कांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी एका राजाच्या सांगन्यावरनं दुसऱ्या राजाला माराय गेला," त्या म्हणाल्या. "आन् तिसऱ्याच्याच मुलखात मेला."

बावीस-तेवीस वर्षं मी जे शिकवत होतो ते एवढंच होतं. मला ते इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

निघताना त्यांनी आत जाऊन तो बिल्ला आणला. घासून लख्ख केलेला. हळदकुंकवाचा कणसुद्धा ठेवला नव्हता. माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमी न्या. परक्या गड्याचं तोंड देव्हाऱ्यात नगं. पन मास्तर, एक सांगा मला. ह्यो जर राजा हाय, तर माझा बा दिसायला कसा हुता?"

मी "बघतो, आक्का" म्हणालो. बादशहाला खिशात घालून घरी आलो. तो अजून माझ्या कपाटात आहे. ना टाकवत, ना कुणाला दाखवावंसं वाटत.

त्यानंतरचे सहा महिने मी आयुष्यात पहिल्यांदा खरं इतिहासाचं काम केलं. फौजेच्या जुन्या नोंदी जिथं असतात तिथं पत्रं घातली. काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: त्या काळातील छायाचित्र उपलब्ध नाही. शाळेतल्या क्लार्कला कॉम्प्युटरपुढं बसवून जगभरच्या मेलेल्या शिपायांच्या याद्या धुंडाळल्या. एके दुपारी आक्कांच्या वडिलांचं, बाळाचं, नाव सापडलं. नंबर, नाव, मोडकंतोडकं लिहिलेलं गावाचं नाव, आणि पुढं सातारा, कारण सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हताच. आपल्या माणसांना तिथंच अग्नी दिला, त्यामुळं कबर नाही. इटलीतल्या एका दगडावर नाव कोरलेलं आहे एवढंच. वय वर्षं एकवीस. चेहरा कुठंच नाही.

गावात विचारत फिरलो. आक्कांच्या आजोळी गेलो. एक नव्वदीचे आजोबा निघाले, आक्कांच्या वडिलांबरोबर भरतीला गेलेले. मला वाटलं, सापडलं! आजोबांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला, आणि म्हणाले, "उंच हुता. नाक असं धारंचं." मी घाईघाईनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "न्हाई न्हाई, त्यो दुसरा. बाळा कसा हुता रं...? ध्यानात येत न्हाई गड्या. लय जनं हुतो आमी." मी ती ओळ खोडली.

शेवटी सांगलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात इटलीतल्या लढाईवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात पानभर फोटो होता. डोंगराची उतरण, मागं पडकं घर, आणि सातआठ हिंदी शिपाई जाळाभोवती बसून भाकऱ्या थापताहेत. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीच्या टोप्या. एकजण हसतोय. खाली ओळ होती, इटलीच्या आघाडीवरचे गढवाली सैनिक. म्हणजे आपल्याकडचे नव्हतेच ते, पार हिमालयाच्या अंगाचे. पण मी म्हटलं, निदान आक्कांना दाखवता येईल, तिथं थंडी कशी होती, माणसं राहत कशी होती. त्या पानाची झेरॉक्स काढली. आक्कांना काय सांगायचं ते एसटीत बसून मनाशी घोकलं: आक्का, तुमच्या वडिलांचा फोटो नाही मिळाला. पण ते अशा जागी होते, अशा माणसांत.

गेलो तेव्हा आक्का खाटेवर होत्या. उन्हाळ्यात खंगल्या होत्या. रूपाली जवळच पुस्तक घेऊन बसली होती. त्या प्रकारानंतर ती वर्गात माझ्याकडं कधी मान वर करून बघायची नाही. मी आधी दगडावरच्या नावाचं सांगितलं. आक्का म्हणाल्या, "नाव हाय म्हना की." मग मी झेरॉक्स पुढं केली आणि घोकलेलं वाक्य सुरू केलं, "आक्का, तुमच्या वडिलांचा..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. एकेका तोंडावर बोट फिरवत गेल्या. हसणाऱ्यावरून बोट पुढं गेलं आणि कडेच्या एकावर थांबलं. तो अर्धा पाठमोरा होता, हातात पीठ, गालाची एक बाजू आणि कान तेवढा दिसत होता.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "आगं रूपे, ह्येचा कान बघ. तुझ्या बाचा कान हाय का न्हाई ह्यो?"

मी तोंड उघडलं. मास्तरच होतो ना. चूक दिसली की दुरुस्त करायची, हाडाची खोड. खाली छापलेली ओळ इंग्रजीत होती आणि रूपाली आता आजीच्या खांद्यावरून वाकून ती वाचत होती. तिचे ओठ हलताना मला दिसले. तिनं वाचलं, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. रागानं नाही. सांगाल का, एवढंच विचारत होती.

मी उघडलेलं तोंड मिटलं. तेव्हा तिनं आजीच्या हातातला कागद अलगद घेतला. "कड वाकडी झालीय आज्जे, नीट करते," म्हणाली. खालची पट्टी दुमडली, दुमडीवरून नख फिरवलं, आणि ती ओळ सरळ फाडून मुठीत घेतली. मग कागद परत आजीला दिला.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुमी लय शिकल्यालं. खोटं बोलायचा न्हाई तुमी. ह्योच न्हवं माझा बा?"

हिमालयाच्या अंगाला कुठल्याशा गावात कुणी लेक असेल, तिच्या बापाचा तो कान. तिला मी आजही तोंड दाखवू शकणार नाही.

"व्हय आक्का," मी म्हटलं. "ह्योच."

आक्कांनी कागद दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. मग एक हात सोडून त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. बापापुढं लेकीला पदर घ्यावा लागत नाही.